उघड्यावरील विवाहकार्य आणि हवामानाची तरतूद

पूर्वी आपल्याकडे लग्न म्हटले की दिवसाचा मुहूर्त, दारी मांडव आणि मांडवाच्या पाठीशी घर. पाऊस आलाच तर वऱ्हाड ओसरीत, माजघरात, शेजाऱ्यांच्या पडवीत सामावून जाई. नोकरीधंद्यानिमित्त सुरतेस व हजिऱ्यास स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांपैकी अनेकांनी आता येथील रीत उचलली आहे. कार्य पार्टी प्लॉटवर होते, बहुधा संध्याकाळी होते आणि पाठीशी घर नसते. मांडव राहिला, आसरा गेला. त्या गेलेल्या आसऱ्याची भरपाई कशी करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा पावसाची धास्ती कशाला, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत अपुरी आहे. पाऊस ज्येष्ठात येतो आणि चातुर्मास आषाढी एकादशीला बसतो. मधल्या दिवसांत मुहूर्त असतातच. अधिक मास आला की हे अंतर आणखी वाढते. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे आषाढी एकादशी थेट २५ जुलैला येते, म्हणजे निज ज्येष्ठातील मुहूर्त ऐन पावसात पडतात. हिवाळ्याचीही खात्री नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ दक्षिण गुजरातच्या रोखाने आले. किनारा गाठण्यापूर्वीच ते क्षीण झाले, तरी मार्गशीर्षात मुंबईपासून सुरतेपर्यंत पाऊस झाला. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी, तुळशीची लग्ने नुकतीच लागून लग्नसराई सुरू झाली असता, गुजरातेत अवकाळी पाऊस व गारपीट झाली आणि एकाच दिवसात विजेने वीसांहून अधिक माणसे दगावली.

आमचे पहिले सांगणे असे की, मुहूर्त आणि समारंभ यांची फारकत करावी. अक्षता, अंतरपाट, होम, सप्तपदी यांस वेळ बांधलेली असते, परंतु जागा किती लागते? बोहले आणि भोवती पन्नासपाऊणशे माणसे. एवढे पक्क्या छपराखाली, एखाद्या शाळेच्या वा संस्थेच्या सभागृहात सहज मावते. भोजन व भेटीगाठी यांस मुहूर्त नाही. त्या उघड्यावर कराव्यात, तास-दोन तास पुढे ढकलता येतात. आपण नेमके उलट करतो. बोहले हिरवळीच्या मधोमध थाटतो आणि पक्की खोली सामानाला देतो.

दुसरे, मांडवाचा खरा वैरी पाऊस नव्हे, वारा होय. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे १७ किलो पडतो. दहा मीटर लांब व तीन मीटर उंच कनात धरली तर तिच्यावर पाच क्विंटलांचा रेटा आला, आणि वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. कनात म्हणजे जहाजाचे शीडच समजा. वावटळीची चिन्हे दिसताच प्रथम माणसे बाहेर काढावीत, मग मांडववाल्याच्या माणसांकडून कनाती सोडवून वाऱ्याला वाट द्यावी. पाहुण्यांनी खांब धरून उभे राहण्याचा पराक्रम करू नये. पाण्याचेही ओझे थोडे नसते. तीन मीटर लांबरुंद कापडाच्या झोळात सरासरी दहा सेंटिमीटर पाणी साचले तर ते नऊ क्विंटल होते. म्हणून छताला उतार असावा, सपाट झालर शोभेपुरतीच ठेवावी. सुवाळीच्या वाळूत नुसत्या खुंट्या तग धरत नाहीत. तेथे वाळूची भरलेली पोती पुरून दोर त्यांना बांधणे बरे.

राजस्थानात तेव्हाच्या बाडमेर जिल्ह्यातील जसोल येथे २३ जून २०१९ रोजी कथेचा मंडप वादळाने कोसळला, त्यात विजेचा प्रवाह उतरला आणि १४ जण मरण पावले. जनित्राशी एक जाणता माणूस बसवावा व वारा सुटताच प्रवाह तोडण्याची मुभा त्याला आधीच द्यावी. अंधारात पंगत थांबली तरी चालेल.

सुवाळीच्या किनाऱ्यावर कार्य करण्याची हौस ज्यांना असेल त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. खंभातच्या आखाताइतकी मोठी भरती-ओहोटी देशात अन्यत्र नाही, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ती सर्वांत जोराची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला हिशेब पुष्कळांना पाठ असतो. तो येथे तसाच लावू नये, कारण आखातात आत जावे तसतशी भरती उशिरा येते. हजिऱ्याचे भरतीचे कोष्टक पाहूनच जागा आखावी. ओहोटीच्या वेळी पसंत केलेली ऐसपैस जागा पंगतीच्या वेळी पाण्याखाली असावयाची!

गडगडाट कानी आला की वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. त्या वेळी मांडव वा झाड हा आसरा नव्हे. पक्की इमारत किंवा बंद मोटार हाच आसरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देते. घरातील एखाद्या मुलाकडे हे काम सोपवावे.

उन्हाचा विचार तर कोणी करीतच नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने १४ जण दगावले. दमट किनाऱ्यावर घाम वाळत नाही, त्यामुळे पारा फार चढला नसतानाही अंगाची काहिली होते. वैशाखातले कार्य दुपारी उघड्यावर ठेवू नये. म्हाताऱ्या माणसांना पंख्याखाली बसवावे आणि पाणी मागण्याची वाट पाहू नये.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका कार्यात दुपारी चारलाच आभाळ भरून आले. शंभर पावलांवर सभागृह मोकळे होते. वधूपिता म्हणाले, व्याह्यांना विचारा. व्याही म्हणाले, भटजींना विचारा. भटजी म्हणाले, मला कुठेही चालेल. साडेपाचला छताचा झोळ फुटून खुर्च्यांवर कोसळला. पाहुणे उशिरा आले होते, एवढेच नशीब.

तेव्हा एक माणूस आधीच नेमावा आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी त्याचा शब्द मान्य करावा. वधूपिता नको, मामा तर नकोच. ते दोघे आपापल्या कामात गुंतलेले. काका, मावसोबा किंवा शांत डोक्याचा एखादा शेजारी चालेल. हवामान खात्याचा अंदाज त्याने पाच दिवस आधीपासून पाहावा. मुहूर्तापूर्वी सहा तास राहिले असता नारिंगी वा लाल इशारा असेल, तर सारे सामान छपराखाली हलवावे आणि त्यावर पुन्हा चर्चा होऊ देऊ नये. सभागृहाचे व मांडवाचे पैसे कोणी द्यावयाचे हेही साखरपुड्यालाच ठरवावे, कारण निर्णय लांबतो तो पुष्कळदा याच संकोचाने.

त्याच्याजवळ झाकणाची एक पत्र्याची पेटी असावी. तीत अक्षता, अंतरपाट, हळदकुंकू, कोरड्या समिधा, तुपाचा डबा, दोन काडेपेट्या आणि सभागृहाची किल्ली.