‘रुळली’ म्हणायची घाई नको

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमची मुलगी विदर्भातल्या एका संस्थेतून सहाव्या वर्षी आमच्या घरी आली. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळातून आणि ओळखीपाळखीतून दत्तकाबद्दल विचारणारे फोन येत असतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘किती वेळ लागतो?’ हाच असतो. दुसरा प्रश्न असतो तो वेळ कमी कसा करता येईल याचा. मी आणि माझा नवरा, दोघंही महाराष्ट्रात वाढलेलो, त्यामुळे नातेवाइकांना यात परदेश कुठे आला तेच कळेना. आपलंच लेकरू, आपलीच भाषा, आपलाच वरणभात. पण भारत आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या कायद्याने हे आंतरदेशीय दत्तक होतं, आणि सहा वर्षांच्या त्या पोरीसाठी तर सगळंच परकं होतं. आमच्या आणि इतरांच्या अनुभवातून माझी एक खात्री झाली आहे. मोठी माणसं जो वेळ वाचवतात, त्याची भरपाई पुढे मूल करतं. म्हणून हे लिहिते आहे.

पहिली पळवाट घरातूनच सुचवली जाते. ‘बाहेरचं कशाला, दिराचा धाकटा घ्या की.’ आमच्या माहितीतल्या एका जोडप्याने तेच केलं. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली सांगलीत पुतण्याचं दत्तकविधान झालं, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला, पेढे वाटले गेले. व्हिसाची चौकशी त्यानंतर झाली. दस्त भारतात पक्का होता, पण त्या दस्तावर मुलाला अमेरिकेचा व्हिसा मिळेना. दोन्ही देश हेग दत्तक करारात आहेत, भारत २००३ पासून आणि अमेरिका २००८ पासून. या कराराखाली अमेरिकेत मुलाचा अर्ज आधी तात्पुरता मंजूर व्हावा लागतो आणि दत्तक त्यानंतर पूर्ण करायचं असतं. क्रम उलटला की प्रकरण तिथेच अडकतं. शिवाय जन्मदाते आईवडील दोघंही हयात असतील आणि मुलाला नीट सांभाळू शकत असतील, तर ते मूल त्या व्हिसाच्या व्याख्येतच बसत नाही. भारताच्या २०२२ च्या दत्तक नियमावलीत हिंदू कायद्याखालच्या अशा दत्तकांसाठी ‘कारा’कडून, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडून, पत्र मिळवण्याची सोय आहे. त्या पत्राने अमेरिकेच्या अटी बदलत नाहीत. तो मुलगा आज सांगलीत आजीजवळ आहे. कागदावरचे आईवडील न्यू जर्सीत, आणि ज्यांनी त्याला दिलं ते त्याच गल्लीत. येताजाता तो त्यांना काका-काकू म्हणतो.

दुसरी पळवाट ओळखीची. तालुक्याच्या गावी अमुक डॉक्टर आहेत, एखादी अडलेली मुलगी असते, सगळं गुपचूप होतं, असं आम्हालाही सांगणारे भेटले. हे ऐकल्यावर तिथून उठून यावं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तुरुंगाची भीती बाजूला ठेवली तरी असं मूल आयुष्यभर बिनकागदाचं राहतं, आणि त्याच्या आईवर कुणी जबरदस्ती केली होती का, हे त्याला कधीच कळत नाही. भारतातून मुलं परदेशी जाण्यावर न्यायालयाने बंधनं घातली ती याचसाठी. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निकाल दिला, आणि परदेशी दत्तकाला पहिल्यांदा देशभर शिस्त लागली. आज संस्थेतलं प्रत्येक मूल बालकल्याण समितीकडून दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित व्हावं लागतं. आईने स्वतः मूल सोपवलं असेल तर तिला फेरविचारासाठी दोन महिने असतात. ते दोन महिने त्या आईचे आहेत. त्यावर कुरकुरण्याचा आपल्याला काही हक्क नाही.

खरा मार्ग लांब असला तरी सरळ आहे. त्याचा पहिला उंबरठा मात्र अनेक मराठी जोडप्यांना माहीत नसतो. अमेरिकेचा हेग कराराचा अर्ज नवराबायकोपैकी एक जण अमेरिकी नागरिक असेल तरच करता येतो. ग्रीन कार्डावर किंवा एच-वन व्हिसावर असलेल्यांना तो मार्ग खुला नाही. फोनवर मी आधी हेच विचारते, कारण काराच्या पोर्टलवर नाव नोंदवून, मनात पाळणा टांगून मग हे कळलेलं जोडपं मी पाहिलं आहे. त्यानंतर काराची मान्यता असलेली अमेरिकी एजन्सी शोधायची. ती होम स्टडी करते, म्हणजे तुमचं घर, उत्पन्न, तब्येत, लग्न, बालपण, सगळं तपासते. अमेरिकी सरकारची पात्रतेची मंजुरी १५ महिन्यांची असते, आणि मुलाची वाट बघताबघता ती संपू शकते, तेव्हा मुदतवाढीची तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा. भारतात दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. मग नवा जन्मदाखला, पासपोर्ट, काराचं प्रमाणपत्र, व्हिसा.

फाइल येते तेव्हा जीव उडून जातो. मुलाची माहिती पडद्यावर आली की आंतरदेशीय पालकांना मूल राखून ठेवायला ९६ तास असतात. तेवढ्या वेळात आपल्या बालरोगतज्ज्ञाला वैद्यकीय अहवाल दाखवता आला पाहिजे, म्हणून डॉक्टर आधीच ठरवून ठेवा. इथल्या मोठ्या बाल रुग्णालयांत दत्तक मुलांच्या फाइली वाचणारे खास विभाग असतात. अहवालातल्या एका ओळीचाही अर्थ विचारा. लोह कमी, वजन कमी हे भरून येतं. डोक्याचा घेर, फिट्स, गर्भारपणातलं दारूचं व्यसन यांबद्दल काही लिहिलं असेल तर शांतपणे ऐका आणि आपल्याला काय पेलेल याचं खरं उत्तर एकमेकांना द्या. ‘नाही’ म्हणणाऱ्या जोडप्याला मी कधी नावं ठेवणार नाही. सापडलेल्या मुलांची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने लिहिलेली असते, हेही लक्षात ठेवा. आमच्या मुलीचे दात आणि हाडं तिच्या कागदी वयापेक्षा लहान निघाली. म्हणून शाळेत तिला एक इयत्ता खाली बसवायचं आम्ही ठरवलं, आणि ते तिला मानवलं.

व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत दोन ते चौदा वर्षांच्या मुलांची क्षयासाठी रक्तचाचणी होते. भारतातल्या पुष्कळ मुलांची ती पॉझिटिव्ह येते. मग छातीचा एक्स-रे. तो स्वच्छ असेल तर पुढे जाता येतं, शंका असेल तर थुंकीचं कल्चर करतात आणि त्याला आठ आठवडे लागतात. आमच्या वाट्याला तेच आलं. नवरा नोकरीसाठी परतला, मी मुलीला घेऊन नागपुरात भाड्याच्या खोलीत राहिले. परतीची तिकिटं बदलता येणारी काढा आणि दोघांपैकी एकाच्या तरी रजेत पुरेशी सैल जागा ठेवा. त्या आठवड्यांनी माझं भलंच झालं. नव्या देशात जाण्याआधी तिला ओळखीच्या हवेत माझी सवय झाली.

खरी काळजी घ्यायची ती घरी आल्यानंतर. इथे मला जरा थांबून सांगायचं आहे. आमची मुलगी आल्याआल्या सगळ्यांना आवडली. कुणीही ये म्हणालं की जायची, मांडीवर बसायची, मिठी मारायची, हातातलं खायची. हट्ट नाही, रडणं नाही. मंडळाच्या गणपतीत बायका कौतुकाने म्हणत होत्या, ‘किती लवकर रुळली गं!’ आमच्या एजन्सीच्या समाजसेविकेने मात्र तोच मुद्दा वहीत टिपून घेतला. संस्थेत पाळ्या बदलतात, मावश्या बदलतात. अशा ठिकाणी वाढलेलं मूल शिकतं की समोर जो असेल त्याला खूश ठेवायचं, तरच ताटात पडतं. ज्याला सगळेच सारखे, त्याचं अजून कुणीच झालेलं नसतं.

म्हणून समाजसेविकेच्या सल्ल्याने आम्ही एक नियम केला. सुरुवातीचे काही महिने तिला भरवणं, आंघोळ घालणं, निजवणं, लागलं-खुपलं तर उचलून घेणं हे फक्त आईबाबा करणार. बाकीच्यांनी बोलावं, खेळावं, पण तिला काही हवं असेल तर आमच्याकडे पाठवावं. मराठी घरात हा नियम पाळणं फार जड जातं. सासूबाई खास नातीसाठी आल्या होत्या, बेसनाचे लाडू घेऊन, आणि त्यांनी तिला घास भरवायचा नाही! त्यांचे डोळे भरून आले, मलाही वाईट वाटलं. माझ्या नवऱ्याने त्यांना एकटं बसवून कारण सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई स्वतः तिला सांगू लागल्या, ‘आईला विचार हं बाळा, आई देईल.’ घरातल्या मोठ्यांचं असं पाठबळ मिळालं तर निम्मं काम होतं, म्हणून त्यांना हे सगळं मूल यायच्या आधी सांगा. स्वागताचे मोठे समारंभ पुढे ढकला. बारशासारखा काही घाट घालायचा असेल तर वर्षाने घाला.

मग एक दिवस ती चिडली. ताट भिरकावलं, मला मारलं, ‘मला मावशीकडं जायचंय’ म्हणून घसा बसेपर्यंत रडली. लोकांना वाटलं बिघडलं. समाजसेविका म्हणाली, आता सुरुवात झाली. संस्थेत मुलीला रात्री कुशीत घेऊन झोपणारी एक मावशी होती, आणि त्या मावशीला सोडून आल्याचं दुःख मुलीने इतके दिवस कुणाला दिसू दिलं नव्हतं. संस्थेच्या परवानगीने आम्ही त्या मावशींशी व्हिडिओ कॉल सुरू केले. काही पालकांना भीती वाटते की जुनं आठवत राहिलं तर मूल आपलं होणार नाही. आमच्याकडे उलट झालं. मावशी एकदा पडद्यावरून म्हणाल्या, ‘आईचं ऐकायचं बरं का,’ आणि त्या वाक्याने जे काम केलं ते माझ्या लाडाने झालं नसतं. मराठी मात्र तिच्या तोंडून भराभर निसटायला लागली. शाळेतल्या इंग्रजीने काही महिन्यांतच तिची बोली मागे सारली. घरात मराठीच बोलायची हे आम्ही हट्टाने पाळलं म्हणून मावशींशी ती आजही बोलू शकते.

दत्तकानंतर दोन वर्षं एजन्सीकडून काराला मुलाचे अहवाल जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. काही पालकांना हा आपल्यावरचा संशय वाटतो. २०१७ मध्ये टेक्सासमध्ये बिहारहून दत्तक आणलेली तीन वर्षांची मुलगी मृत्युमुखी पडली आणि २०१९ मध्ये दत्तक वडिलांना जन्मठेप झाली, हे आठवलं की मला समाजसेविकेचं दार वाजवणं कधी जाचलं नाही. त्या भेटीत सगळं छान आहे असं सांगू नका. झोप उडाली असेल, मुलाचा राग येत असेल, तर तेच सांगा. मदत तिथूनच मिळते.

नागरिकत्वाचे कागद नीट जपा. दत्तक भारतात पूर्ण होऊन आलेलं मूल नागरिक आईवडिलांबरोबर अमेरिकेत शिरताच नागरिक होतं. तो कायदा २००१ मध्ये लागू झाला आणि त्या वेळी अठरा पूर्ण झालेल्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. तीन वर्षांचा असताना कोरियातून आणलेल्या एका माणसाला २०१६ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, कोरियात परत पाठवलं गेलं, कारण पालकांनी त्याच्या नागरिकत्वाचा अर्ज पुरा केला नव्हता. त्याच कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं की परदेशी पाठवलेल्या मुलांच्या नोंदींत खोटेपणा झाला होता, आईवडील माहीत असलेल्या मुलांनाही अनाथ दाखवलं गेलं होतं. पन्नाशीतली माणसं आज आपली आई शोधत फिरत आहेत. म्हणून मुलाच्या फाइलमधला प्रत्येक कागद मागून घ्या, प्रती काढा. भारताच्या नियमांनुसार मुलाला आपली मुळं शोधता येतात, आणि अठरा वर्षांनंतर ते स्वतः अर्ज करू शकतं. जन्मदात्यांनी मूल सोपवताना गुप्तता मागितली असेल, तर मात्र त्यांची ओळख त्यांच्या संमतीशिवाय उघड होत नाही.

आमच्या मुलीला तिची हकिगत तिच्या वयाला झेपेल तशी आम्ही सांगत आलो आहोत. ती इतरांना किती सांगायची ते ती ठरवेल, म्हणून इथे तिचं नाव आणि तिच्या आधीच्या आयुष्याचा तपशील दिलेला नाही. ‘नशीब काढलंन पोरीने’ असं कुणी तिच्यासमोर म्हणालं तर आम्ही तिथल्या तिथे थांबवतो. तिने सहाव्या वर्षापर्यंत जे गमावलं ते आपल्यापैकी कुणी गमावलेलं नाही, आणि आईवडील असण्याबद्दल मुलाने कुणाचे आभार मानायचे नसतात.

लहान, निरोगी बाळाची वाट बघणाऱ्यांची रांग वर्षानुवर्षांची आहे. सहा, आठ, दहा वर्षांच्या मुलांसाठी आणि आजारपण किंवा अपंगत्व असलेल्या मुलांसाठी देशात फार थोडे पालक पुढे येतात. तुमच्या मनात दत्तकाचा विचार असेल, तर नाव नोंदवताना वयाच्या रकान्यात ‘शून्य ते दोन’ लिहिण्याआधी नवराबायकोने या मुलांबद्दल एकदा नीट बोलावं, एवढी माझी विनंती आहे.