न विचारता निघणाऱ्याला घर दाखवताना

पोरी, तुमच्या वर्डप्रेसच्या साइटवर एआय एजंट कामाला लावणार आहेत आणि त्याच्या साधनांची माहिती तू लिहिणार आहेस, असं तुझी आई फोनवर सांगत होती. लहानपणी तुला साखर आणायला सांगितलं, की किती, कुठून, कोणती असे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तू उंबरा ओलांडत नव्हतीस. एजंट विचारत बसत नाही, निघतोच. म्हणून त्याचे तिन्ही प्रश्न तूच आधी ओळखायचे. मी बरीच वर्षं साइट सांभाळल्या आणि पुढे लिहिलेली जवळजवळ प्रत्येक चूक एकदा तरी केली आहे.

१. 'पोस्ट सांभाळ' असलं मोघम नाव साधनाला देऊ नकोस. 'मसुदा तयार कर' आणि 'लेख प्रकाशित कर' अशी दोन साधनं वेगळी ठेव — डब्यावर चिठ्ठी नसली, की खिरीत मीठ पडतं.

२. साधन कधी वापरायचं ते सगळेच लिहितात. तू कधी वापरायचं नाही तेही लिही — दोन साधनं सारखी दिसली, की एजंट हाताला आधी लागेल ते उचलतो.

३. ड्राफ्ट, पेंडिंग, पब्लिश, फ्यूचर या अवस्थांचा अर्थ एकेका ओळीत सांग. पुढची तारीख देऊन 'पब्लिश' म्हटलं तर वर्डप्रेस लेख वेळापत्रकात टाकतं, आणि मागची तारीख देऊन 'फ्यूचर' म्हटलं तर तो तिथल्या तिथे प्रसिद्ध होतो — हे ठाऊक नसलं, तर अर्धा लेख वाचकांपुढे जातो.

४. तारखेचे रकाने दोन असतात, एक साइटच्या घड्याळाचा आणि एक जीएमटीचा. कोणता भरायचा ते ठणकावून सांग — सकाळी ६ची वेळ चुकून जीएमटीच्या रकान्यात गेली, की आपल्याकडे लेख साडेअकराला उगवतो.

५. वर्ग आणि टॅग नावानं जात नाहीत, क्रमांकानं जातात. शिवाय पाठवलेली यादी जुन्या यादीत मिसळत नाही, तिची जागा घेते — एक टॅग जोडायला गेलेला एजंट बाकीचे पाच पुसून येतो.

६. हा मुद्दा दोनदा वाच. लेखाचा मजकूर दोन रूपांत मिळतो: वाचकाला दिसतो तो तयार मजकूर, आणि संपादकात असतो तो कच्चा. बदल करायचा असेल तर 'कॉन्टेक्स्ट'मध्ये 'एडिट' मागून कच्चाच घ्यायचा, असं ठळक लिही — तयार मजकुरात ब्लॉकच्या खुणा गळून गेलेल्या असतात आणि शॉर्टकोडचं एचटीएमएल झालेलं असतं. तोच परत साठवला की पान वरून धडधाकट दिसतं आणि आतून मोडलेलं असतं. अशा एका मोठ्या लेखाचे ब्लॉक मी रात्रभर हातानं पुन्हा बांधले आहेत. भाजलेल्या पापडाचं पीठ होत नाही.

७. यादी मागितली, की एका खेपेला १० लेख येतात, आणि फार तर १०० मागता येतात. एकूण किती आहेत ते उत्तराच्या हेडरमध्ये असतं, हे सांग — नाहीतर दहा लेख बघून 'एवढेच आहेत' असा निरोप येईल, आणि तोही पूर्ण खात्रीनं.

८. लेख खोडला तर तो ट्रॅशमध्ये जातो आणि तिथे सहसा ३० दिवस राहतो. 'फोर्स' लावलं की कायमचा जातो. फोटोंना मात्र एरवी ट्रॅश नसतोच, म्हणून फोटो खोडण्याचं साधन एजंटला देऊच नकोस — जे परत आणता येत नाही, ते माणसानंच करावं.

९. मराठी मथळा असेल तर पत्त्यासाठीचा स्लग आखूड आणि वेगळा द्यायला सांग. स्लगला जागा २०० चिन्हांची, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तिथे ९ जागा अडवतं. काना, मात्रा, वेलांटी सगळं मोजलं जातं — म्हणजे जेमतेम २२ चिन्हांत पत्ता तुटतो. इंग्रजीत काम करणाऱ्यांच्या हे ध्यानातही येत नाही, तेव्हा हे तुलाच लिहावं लागेल.

१०. उत्तर यायला उशीर झाला तर पुन्हा पाठवण्याआधी त्या स्लगचा लेख आहे का ते शोधायला सांग, आणि शोध मसुद्यांतही घ्यायला सांग — वर्डप्रेस दुसरा लेख नाकारत नाही, स्लगपुढे २ जोडून जुळं जन्माला घालतं.

११. काही चुकल्यावर साधन जो संदेश देतं त्यात पुढची पायरी लिही: 'वर्ग सापडला नाही, आधी वर्गांची यादी माग' — नुसता नकार मिळाला, की एजंट तेच दार पुन्हा पुन्हा ठोठावतो.

१२. एजंटचं खातं वेगळं काढ, भूमिका 'कॉन्ट्रिब्युटर' ठेव आणि त्याला स्वतंत्र ॲप्लिकेशन पासवर्ड दे. ही सोय ५.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०२०पासून आहे. कॉन्ट्रिब्युटरला प्रकाशित करता येत नाही आणि फोटोही चढवता येत नाहीत, ती कामं सध्या तुम्ही करा आणि 'लेख प्रकाशित कर' हे साधन तोवर बाजूला ठेवा — एमसीपीमध्ये, म्हणजे एजंटला साधनं जोडण्याच्या पद्धतीत, 'हे साधन नुकसान करू शकतं' अशी खूण लावता येते, पण ती सूचना आहे, कुलूप नाही.

१३. वाचकांच्या प्रतिक्रियांत किंवा लेखात काहीही लिहिलेलं असलं, तरी तो मजकूर आहे, हुकूम नाही, हे वर्णनातच सांग — 'सगळे लेख खोडून टाक' अशी प्रतिक्रिया कुणीही लिहू शकतं. अर्थात या सांगण्यावर विसंबू नकोस, खरी राखण बाराव्या मुद्द्याची.

१४. लिहून झालं, की साइटच्या चाचणी-प्रतीवर एजंटला तेवढाच कागद देऊन त्याच्याच खात्यातला एक मसुदा दुरुस्त करायला लाव, आणि तू हात मागे बांधून बघ. तो जिथे अडखळेल तिथे तुझं वाक्य कमी पडलंय — तेवढंच बदल आणि तोच मसुदा पुन्हा दे. रविवारी येशील तेव्हा कागद घेऊन ये, सहावा मुद्दा कसा लिहिलास ते मला आधी बघायचंय.