मालमोटार चालकाचा व्यवसाय : पूर्वतयारी आणि हक्क

ग्रामीण भागातील अनेक तरुण क्लीनर म्हणून कामास लागतात व चालकाच्या हाताखाली मालमोटार चालविण्यास शिकतात. तथापि, परवान्यावाचून वाहन चालविणे हा गुन्हा असून, अपघात घडल्यास नुकसानभरपाईचा प्रश्नही बिकट होतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये परिवहन वाहनाच्या चालकाचे वय किमान २० वर्षे असावे लागते. शिवाय, हलक्या मोटार वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असल्याखेरीज परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. म्हणून अठराव्या वर्षीच हलक्या वाहनाचा परवाना काढणे श्रेयस्कर. आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ मध्ये रद्द झाल्याने शाळा सुटलेल्यांनाही हा मार्ग खुला आहे. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी मात्र स्वतंत्र प्रशिक्षण आवश्यक असते.

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने आठ तासांचा कामाचा दिवस व सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती हे तत्त्व घालून दिले. लेखी नेमणूकपत्र नसेल, तर असे हक्क सिद्ध करणे कठीण जाते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती वेळीच दिल्यास तरुणांची उमेदीची वर्षे वाया जाणार नाहीत.