लहान कॅमेऱ्याचा साज : गावच्या सुताराकडून घडणारे चित्रणसाधन

दिवाळी सरून धान घरात आले, की वैनगंगेच्या खोऱ्यात मंडईचे दिवस सुरू होतात. बालाघाट जिल्ह्यातील खेड्यांत आणि सीमेपलीकडील गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टीत दिवसा बाजार भरतो, पाहुणे येतात आणि रात्री करमणुकीचे फड रंगतात. अलीकडे अशा मंडईत एखादा शिक्षक किंवा महाविद्यालयीन तरुण लहानसा कॅमेरा घेऊन उभा असलेला हमखास दिसतो. त्याची तळमळ खरी असते. तथापि घरी जाऊन चित्रण पाहू लागल्यावर नाचणाऱ्यांपेक्षा चित्रच अधिक नाचते आणि गाणाऱ्याचा आवाज गर्दीच्या कोलाहलात बुडालेला असतो. असे चित्रण एकदा पाहिले जाते, पुन्हा कोणी उघडत नाही.

बालाघाटच्या बाबतीत ही हानी किरकोळ नव्हे. 1867 साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा तयार झाला आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भातील मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले तेव्हा तो मध्य प्रदेशातच राहिला. येथे हिंदीबरोबर मराठी, पोवारी व गोंडी बोलली जाते आणि बैहरच्या डोंगराळ भागात बैगा समाजाची वस्ती आहे. पोवारी लग्नगीते, गोंडी गाणी, बैगांचे करमा नृत्य हे सारे प्रामुख्याने मुखपरंपरेने चालत आले आहे. गाणारी वृद्धा गेली की तिच्याबरोबर गाण्याची चालही जाते. 2021 साली प्रदर्शित झालेल्या ‘शेरनी’ या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण या जिल्ह्यातील वनांत झाले होते. पण बाहेरून येणारे पथक आपले काम आटोपून परत जाते. गावच्या गाण्यांची नोंद गावालाच ठेवावी लागेल, आणि त्यासाठी लागणारे साधन गावाच्या आवाक्यातील असले पाहिजे.

प्रथम दोष कोठे आहे ते समजून घ्यावे. जुन्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात भिंगातून येणारा प्रकाश आरशावरून वळवून डोळ्यापर्यंत नेला जाई. तो आरसा काढून टाकला की कॅमेरा पातळ व हलका होतो. भिंगे बदलता येणारा अशा रचनेचा पॅनासॉनिकचा कॅमेरा 2008 साली आला आणि ‘मिररलेस’ हे नाव पुढे रूढ झाले. अशा लहान कॅमेऱ्याचे वजन बहुधा तीनशे ते पाचशे ग्रॅम भरते. प्रवासात हा हलकेपणा गुणाचा, पण चलचित्र घेताना तोच दोष ठरतो. जड वस्तू हाताच्या बारीक कंपनाला दाद देत नाही, हलकी वस्तू लगेच देते. त्यातही कॅमेरा वरखाली सरकल्याने चित्र जितके बिघडते, त्याहून कितीतरी अधिक तो जागच्या जागी किंचित फिरल्याने बिघडते.

दोरीवर चालणारा डोंबारी हातात लांब काठी आडवी धरतो, ती कशासाठी? वजन मध्यापासून जितके दूर, तितका त्याचा फिरण्यास विरोध अधिक, आणि हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेच वजन दुप्पट अंतरावर नेले तर विरोध चौपट होतो. अमेरिकेतील गॅरेट ब्राउन यांनी तयार केलेल्या आणि 1976 च्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’ या चित्रपटात प्रथम वापरल्या गेलेल्या ‘स्टेडिकॅम’ या साधनातही वजन दूरवर पसरण्याच्या या तत्त्वाचा मोठा वाटा आहे. कॅमेऱ्याच्या साजाचे मर्म एवढेच : वजन थोडे वाढवावे, ते दूरवर पसरावे आणि शरीराशी कॅमेऱ्याचे टेके वाढवावेत.

बाजारात यासाठी ॲल्युमिनियमचे पिंजरे, दांडे व मुठी मिळतात. त्या उत्तम असतात, परंतु सर्व भाग घेऊ गेल्यास खर्च कित्येक हजारांवर जातो. बालाघाटचे अर्ध्याहून अधिक क्षेत्र वनाखाली आहे. साग आणि बांबू येथे अपरिचित नाहीत. मध्य भारताच्या वनांत आढळणारा जवळजवळ भरीव वेळू मुठीसाठी फार चांगला. तो हातात घसरत नाही, उन्हात लोखंडासारखा तापत नाही आणि वजनाला बेताचा असतो. मात्र तो पुरता वाळलेला असावा. ओल्या वेळूला नंतर चिरा पडतात आणि बोल्ट सैल होतात.

साजाचा पाया म्हणजे सागवानाची फळी. वीस सेंटिमीटर लांब, आठ सेंटिमीटर रुंद आणि बारा मिलिमीटर जाड फळी पुरेशी होते. कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या छिद्राचे आटे पाव इंची असून एका इंचात वीस असतात. जगभर बहुतेक कॅमेऱ्यांना हेच माप आहे. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. दुकानात सहज मिळणारा सहा मिलिमीटरचा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण त्याचे आटे निराळे. तो आत शिरतो, डुगडुगतो आणि जोर केला की कॅमेऱ्याचे आटे कायमचे बिघडवतो. ब्रिटिश मापाच्या जुन्या पाव इंची बोल्टचे आटेही इंचाला वीसच असल्याने तो बहुधा बसतो. बोल्ट बोटांनीच फिरवून पाहावा. पाना लावल्याशिवाय जो फिरत नाही तो आपला नव्हे. फळीच्या वर बोल्टचे टोक साडेचार ते पाच मिलिमीटरच यावे. त्याहून लांब असल्यास वायसर घालून कमी करावे, अन्यथा ते छिद्राच्या तळाला टेकून आतला भाग फोडू शकते.

फळीला भोक पाडण्यापूर्वी कॅमेरा उलटा करून पाहावा. अनेक लहान कॅमेऱ्यांत बॅटरीचे झाकण तळाशीच, बोल्टच्या छिद्राला लागून असते. फळीने ते झाकले गेले तर ऐन रंगात आलेल्या कार्यक्रमात बॅटरी बदलण्यासाठी सारा साज उकलावा लागेल. म्हणून तेवढ्या भागाची खाच सुताराकडून आधीच काढून घ्यावी. कॅमेरा व फळी यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा आणि कॅमेऱ्याच्या पाठीशी एक चिंचोळी पट्टी ठोकावी. एका बोल्टवर बसलेला कॅमेरा त्यामुळे फिरत नाही.

फळीच्या खाली अर्धा मीटर लांबीचा वेळू आडवा बसवून त्याच्या दोन्ही टोकांना वितीएवढ्या उभ्या मुठी जोडाव्यात. टोकांशी काही जड नट ओवले तर डोंबाऱ्याच्या काठीचा गुण येतो. फळीच्या दोन्ही बाजूंना पंचवीस मिलिमीटर रुंदीची लोखंडी पट्टी कमानीसारखी वाकवून बसवावी. तिच्यावर वरची मूठ, मायक्रोफोन आणि छोटा दिवा यांना जागा होते. हे वाकवणे लोहाराचे काही मिनिटांचे काम आहे.

दीर्घ चित्रण करावयाचे असल्यास साज खांद्यावर घ्यावा. फळीतून मागे दोन दांडे काढून खांद्यावर टेकणारी गादी बसवावी आणि मागील टोकाला वजन द्यावे. हिशेब तराजूचा आहे : खांद्यापुढे तीस सेंटिमीटरवर अर्धा किलोचा कॅमेरा असेल, तर खांद्यामागे पंधरा सेंटिमीटरवर एक किलो वजन त्याला तोलते. दांडे व मुठी यांचे वजन पुढे अधिक भरत असल्याने प्रत्यक्षात थोडे जास्त लागेल. मागील वजन म्हणून दगड बांधण्यापेक्षा पॉवर बँक बांधावी. चालू कॅमेऱ्याला यूएसबीतून वीज घेता येते की नाही, हे मात्र त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. सर्व मिळून वजन अडीच किलोच्या वर जाऊ देऊ नये. थकलेला हात पुन्हा थरथरतोच.

असा खटाटोप मराठी माणसाला नवा नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने 1918 च्या सुमारास स्वतःचा चित्रपट-कॅमेरा तयार केला. या उद्योगाची सुरुवात त्यांचे बंधू आनंदराव यांच्यासमवेत झाली होती, पण 1916 मध्ये आनंदराव निवर्तले. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या या कलावंतांनी घडविलेल्या यंत्रावरच ‘सैरंध्री’ उभा राहिला आणि तो 1920 साली लोकांसमोर आला. अगदी अलीकडचे उदाहरण मालेगावचे. यंत्रमागांच्या त्या शहरात नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढला. सरकत्या दृश्यासाठी सायकल आणि क्रेनच्या जागी बैलगाडी, असा तेथील मंडळींचा सरंजाम असे. खेड्यात सपाट रस्त्यावर सायकलच्या कॅरियरवर उलटे बसून आजही तसे चित्रण करता येते. चाकांतील हवा थोडी कमी ठेवली की धक्के कमी बसतात.

साज कितीही चांगला झाला तरी आवाजाची उणीव तो भरून काढीत नाही. लोकगीतांच्या नोंदीत तर चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा, म्हणून हाती थोडेच पैसे असतील तर ते आधी मायक्रोफोनवर खर्च करावेत. तो लोखंडी पट्टीला थेट न बांधता ट्यूबच्या रबरी पट्ट्यांत अधांतरी ठेवावा, म्हणजे मुठीवरील बोटांची खरखर त्यात उतरत नाही. मायक्रोफोन घेणे शक्यच नसेल तर एक मोबाइल ध्वनिमुद्रण चालू करून गाणाऱ्याजवळ ठेवावा आणि आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. पुढे संगणकावर टाळीचे चित्र व टाळीचा आवाज जुळविला की दोन्ही नोंदी एकत्र येतात.

प्रकाशाविषयी एकच सूचना. आपल्याकडील वीजपुरवठा सेकंदाला पन्नास आवर्तनांचा आहे. कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रे आणि शटर पन्नासांश सेकंद असा लावल्यास ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही. रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमात आणखी एक अडचण संभवते. कित्येक कॅमेऱ्यांत सलग चित्रण सुमारे तीस मिनिटांनी आपोआप बंद पडते. त्यासाठी घड्याळाकडे लक्ष ठेवणारा एक विद्यार्थी नेमावा आणि गाणे संपताच चित्रण थांबवून लगेच नव्याने सुरू करावे. बॅटऱ्या दोन तरी हव्यात.

शाळांनी हा साज कार्यानुभवाच्या तासाला करून पाहण्यासारखा आहे. माप घेणे, तरफेचा नियम, आटे ओळखणे या गोष्टी विद्यार्थ्यांना एकाच वस्तूत शिकता येतील. पावसाळ्यात कॅमेरा व भिंगे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत, कारण दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. चित्रणाआधी गाणाऱ्यांची संमती घ्यावी. चित्रण झाल्यावर त्याच दिवशी दोन प्रती काढून त्या दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि प्रत्येक प्रतीला गाव, तारीख, बोली, गाण्याचा प्रसंग आणि गाणाऱ्याचे नाव जोडावे. हे नाव ते स्वतः सांगतील तसेच लिहून घ्यावे.