फिट थांबेना, तेव्हा रुग्णाला मुद्दाम का झोपवतात?

फिट, आकडी, मिरगी, फेफरे, अपस्मार. नावे अनेक, आजार एकच. आज लिहायचे आहे ते या आजारातील एका विशिष्ट प्रसंगाविषयी. फिट आलेल्या रुग्णाला कंधारहून नांदेडला किंवा लातूरला हलवले जाते आणि काही तासांनी तिथले डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, की फिट थांबत नाही, म्हणून आम्ही पेशंटला औषधाने पूर्ण बेशुद्ध करून व्हेंटिलेटरवर ठेवत आहोत.

हे ऐकले की घरची माणसे हादरतात. ‘कोमा’ हा शब्द आपल्याकडे मरणाचा शेजारी म्हणूनच ओळखला जातो. “आणलं तवा हातपाय तरी हालत व्हते, आता तर मुडद्यावानी पडलंय,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे मला आता नवल वाटत नाही. कोणी म्हणते बिल वाढवायचा डाव आहे, कोणी म्हणते जीव गेलेलाच आहे, नुसते मशीन चालू आहे. आणि मग काही जण ‘आमच्या जबाबदारीवर’ अशी सही करून रुग्णाला घरी आणायला निघतात. वाचकहो, हा निर्णय जीवघेणा ठरू शकतो. या औषधांनी फिटीबरोबर श्वासही मंदावलेला असतो, म्हणून तर व्हेंटिलेटर लावलेला असतो. औषधाचा अंमल असताना नळी काढली तर रुग्ण फिटीने नव्हे, श्वासाअभावी जाईल.

म्हणून हा उपचार काय आहे, तो का आणि केव्हा करतात, हे सविस्तर समजून घेऊ.

पाच मिनिटांचा हिशेब

मेंदूच्या पेशी एकमेकींशी सूक्ष्म विजेच्या लहरींनी बोलतात. काही रसायने पेशींना चेतवतात, काही त्यांना आवरतात. पोळ्याच्या मिरवणुकीत एक बैल उधळला आणि वेसण धरणारा खंबीर असला तर गोंधळ तिथेच मिटतो. नसला तर पाहता पाहता सगळा कळप उधळतो. फिट म्हणजे असे उधळणे. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, कारण मेंदूची आवरणारी यंत्रणा जागी असते. ‘गाबा’ नावाचे रसायन हे त्या यंत्रणेतील मुख्य.

फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा मध्ये शुद्धीवर न येता एकापाठोपाठ एक फिट येत राहिली, तर तिला ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ म्हणतात. आम्ही एमबीबीएसला होतो तेव्हा पुस्तकात यासाठी अर्ध्या तासाची मर्यादा होती. पुढे लक्षात आले, की पाच मिनिटांपर्यंत न थांबलेली मोठी फिट सहसा आपण होऊन थांबत नाही. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१५ साली नवी व्याख्या दिली. मोठ्या झटक्यांच्या फिटीत पाच मिनिटांना उपचार सुरू व्हायलाच हवा, आणि अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका सुरू होतो.

उशीर का भोवतो, त्याचे कारण मोठे विलक्षण आहे. फिट लांबत जाते तसे पेशींच्या पृष्ठभागावरचे ‘गाबा’चे ग्राहक आत ओढले जातात. जणू कुलूपच दारावरून नाहीसे होते, मग किल्ली कितीही चांगली असो. आपली पहिली औषधे, म्हणजे लोराझेपॅम, डायझेपॅम, मिडॅझोलॅम, याच कुलपाच्या किल्ल्या आहेत. दहाव्या मिनिटाला जे इंजेक्शन फिट थांबवते तेच दोन तासांनी पाण्यासारखे वाया जाते. इकडे शरीराचीही धूळधाण चालू असते. सुरुवातीला वाढलेला रक्तदाब पुढे कोसळतो, ताप चढतो, रक्तातील आम्ल वाढते, सतत आखडून स्नायू झिजतात आणि त्यांतून सुटलेले द्रव्य मूत्रपिंडांत अडकते.

पायरी पायरीने

पहिली पायरी वर सांगितलेल्या इंजेक्शनांची. शीर सापडत नसेल तर मिडॅझोलॅम मांडीच्या स्नायूत देता येते. अमेरिकेत रुग्णवाहिकांमध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मांडीत मिडॅझोलॅम दिलेल्या ७३ टक्के रुग्णांची फिट दवाखान्यात पोहोचण्यापूर्वी थांबली होती. शिरेतून लोराझेपॅम दिलेल्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. खडबडीत रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीत झटके देणाऱ्या माणसाची शीर शोधणे काय असते ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. मी इंटर्नशिप केली तेव्हा पॅराल्डिहाइड नावाचे उग्र वासाचे औषध वापरात होते. ते प्लास्टिक विरघळवते, म्हणून काचेचीच सिरिंज लागे. वॉर्डात कोणाला ते दिले हे व्हरांड्यातूनच कळत असे! असो.

दुसरी पायरी फेनिटॉइन किंवा फॉसफेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटॅम यांची. यांतले कोणते सरस, यावर वर्षानुवर्षे वाद होता. २०१९ साली आलेल्या तुलनेत फॉसफेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटॅम ही तिन्ही सारखीच ठरली. प्रत्येकाचा गुण जवळजवळ निम्म्या रुग्णांना आला. म्हणजे उरलेल्या निम्म्यांना नाही आला. या दोन्ही पायऱ्या ओलांडूनही फिट चालूच राहिली तर तिसरी पायरी येते. मुद्दाम दिलेल्या बेशुद्धीची.

यासाठी ऑपरेशनच्या वेळी वापरतात तीच औषधे, म्हणजे मिडॅझोलॅम, प्रोपोफॉल, थायोपेंटोन किंवा केटामिन, सलाइनच्या पंपाने थेंबाथेंबाने सतत दिली जातात. पहिली तीन मेंदूची आवरणारी बाजू जबरदस्तीने बळकट करतात. केटामिन चेतवणाऱ्या रसायनाचा मार्ग अडवते. मेंदूतील विजेचा गोंधळ शांत होईपर्यंत मात्रा वाढवत नेतात. ही शांतता डोळ्यांनी दिसत नाही, ती ईईजीच्या आलेखावर पाहावी लागते. काही वेळा आलेख थोडा उसळतो आणि मग काही सेकंद सपाट राहतो, इतकी गाढ झोप दिली जाते.

ईईजीवर एवढा भर का, असे नातेवाईक विचारतात. त्याचे कारण हातपाय थांबले म्हणजे फिट थांबली असे नव्हे. फार वेळ चाललेल्या फिटीत स्नायू थकतात, हालचाल पापणीच्या किंवा बोटाच्या फडफडीपुरती उरते, पण मेंदूत वणवा चालूच असतो. शहाण्यासारखा शांत पडलेला रुग्ण आतून जळत असू शकतो. सगळ्याच रुग्णालयांत चोवीस तास चालणारा ईईजी नसतो. तिथे ठरावीक वेळाने आलेख काढून काम भागवतात.

अशी झोप साधारणपणे २४ ते ४८ तास ठेवतात. त्या अवधीत फिटीची नेहमीची औषधे पूर्ण मात्रेत पोहोचवतात, मूळ कारण शोधून त्यावर उपचार करतात आणि मग झोपेचे औषध हळूहळू उतरवतात. उतरवताना फिट परतली तर पुन्हा झोपवावे लागते. चोवीस तास झोपवूनही फिट चालू राहिली किंवा परतली, तर तो आजार अत्यंत हट्टी समजावा. अशा रुग्णांपैकी साधारण तिघांत एक दगावतो.

हा उपचार निर्धोक आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. रक्तदाब उतरतो, छातीत जंतुसंसर्ग होतो, थायोपेंटोन शरीरात साठून राहते आणि बंद केल्यावरही रुग्ण दिवस-दिवस जागा होत नाही. प्रोपोफॉल जास्त मात्रेत जास्त दिवस दिल्यास हृदयावर प्राणघातक परिणाम होऊ शकतो. लहान मुलांत तर फारच जपावे लागते. झोपवलेल्या रुग्णांचे निकाल कधी कधी वाईट लागतात, तो दोष औषधाचा की मुळातल्या गंभीर आजाराचा, याबद्दल तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. माझ्या मते मोठे झटके थांबतच नसतील तर थांबण्यात अर्थ नाही. हालचालीविना चालणाऱ्या सौम्य प्रकारात मात्र आधी इतर औषधे पुरती वापरून पाहणे शहाणपणाचे, आणि बहुतेक मेंदूविकारतज्ज्ञ तसेच करतात.

आपल्या भागातील एक उदाहरण देतो. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, लहानपणापासून गोळ्यांवर, फिट पूर्ण आटोक्यात. घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेला. फडावर गोळ्या संपल्या. मुकादमाकडे सुट्टी कुठे मागायची, म्हणून पाच-सहा दिवस तसेच काढले. गावी परतला त्या रात्री फिट सुरू झाली ती थांबेना. नांदेडला त्याला झोपवून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याच्या मामांचा मला फोन. “डॉक्टरसाहेब, तुमी खरं सांगा. पोरगं हाय का गेलं?” मी त्यांना म्हटले, “मामा, झोपेचं औषध कधीपासून कमी करणार, एवढं तिथल्या डॉक्टरांना विचारा आणि तोवर धीर धरा.” तिसऱ्या दिवशी औषध उतरवायला घेतले, पाचव्या दिवशी मुलाने आईला ओळखले. महिनाभर नावे विसरत होता, चालताना तोल जात होता. आज दुकानात काम करतो.

हा मुलगा सुटला त्यात कारणाचा मोठा वाटा होता. चुकलेल्या गोळ्यांमुळे आलेली फिट सहसा चांगली बरी होते. मेंदूज्वर, मोठा पक्षाघात, प्राणवायू तुटणे अशा कारणांनी आलेली फिट तितकी दयाळू नसते. चांदीपुरा विषाणूचे उदाहरण पाहा. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली तो सापडला, म्हणून ते नाव. वाळूमाशीच्या चाव्यातून तो पसरतो. २००३ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला आणि १८३ दगावली. त्या साथीमागे हाच विषाणू आढळला. ताप, झटके, बेशुद्धी, आणि अनेकांचा दवाखान्यात पोहोचल्यावर एका दिवसात अंत. पावसाळ्यात ताप असलेल्या मुलाला झटका आला तर ‘तापाची आकडी’ म्हणून घरी बसू नये. आणखी एक कारण आपल्या देवघरात असते. कापूर! लहान मुलाने खडीसाखर समजून कापराची वडी गिळली तर जोरदार फिट येऊ शकते. डबी उंचावर ठेवा.

घरच्यांनी काय करावे? पहिले काम घड्याळ पाहण्याचे. रुग्णाला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, डोक्याखाली घडी ठेवा. दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा, चप्पल, किल्ल्या यांनी फिट थांबते हा भ्रम आहे. फिट आपोआप थांबते तेव्हा श्रेय चपलेला मिळते, एवढेच! पाच मिनिटे झाली, शुद्ध न येता दुसरी फिट आली, किंवा रुग्ण गरोदर, मधुमेही वा तापाने फणफणलेला असला, तर १०८ ला फोन करा. घरात जुना रुग्ण असेल तर नाकात फवारायचे मिडॅझोलॅम आपल्या डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्या आणि ते कसे द्यायचे हे घरातील दोघांनी तरी शिकून ठेवा.

कंधार ते नांदेड सुमारे ५० किलोमीटर, त्याहून आतल्या वाड्या-तांड्यांवरून आणखी जास्त. म्हणून आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पहिले इंजेक्शन घ्या, रक्तातील साखर तपासून घ्या आणि मग पुढे निघा. निघताना फिट किती वाजता सुरू झाली, कोणते इंजेक्शन किती मात्रेत किती वाजता दिले, याची चिठ्ठी मागून घ्या. रोजच्या गोळ्यांची पाकिटेही पिशवीत टाका. झोपवण्याची वेळ आली की तिथल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला संकोच करू नका. ईईजीवर फिट दिसते का, कारण काय सापडले, आणि औषध उतरवायला कधी सुरुवात करणार. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे दाखल करतानाच रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे, रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवावे.

घरी आल्यावर काही आठवडे विसराळूपणा, चिडचिड, अशक्तपणा राहू शकतो. तो वेडेपणा नव्हे. बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांनी मुक्कामाच्या दिवसांइतक्या गोळ्या आणि वर पंधरा दिवसांच्या जास्त अशा बरोबर न्याव्यात, निम्म्या स्वतःजवळ आणि निम्म्या सोबतच्या माणसाजवळ.