आधी वाचनालयाचं कार्ड

चि. भाचीस,


अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यावरचा तुझा लेख वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच ओळीतला तो ‘वेदनेचा हुंकार’ खोडून टाक. आपल्याकडे हा शब्द इतका झिजलाय, की आता त्यातून आवाजच येत नाही.

त्यापेक्षा रिचर्ड राइट या काळ्या लेखकापासून सुरुवात कर. १९०८ साली मिसिसिपीत जन्मलेला हा पोरगा विशी गाठण्याआधी मेम्फिसमध्ये चष्म्यांच्या कंपनीत हरकाम्या होता. मेंकेन नावाच्या लेखकाला एका वर्तमानपत्राने झोडपलेलं त्याने वाचलं. गोऱ्यांचा पेपर एका गोऱ्याला इतका झोडपतोय, म्हणजे माणूस वाचण्यासारखा असणार! पण तिथल्या वाचनालयात काळ्यांना पुस्तकं मिळत नसत. मग त्याने एका गोऱ्या सहकाऱ्याचं कार्ड मागून घेतलं आणि त्याच्या नावाने खोटी चिठ्ठी लिहिली. तीत स्वतःचा उल्लेख केला तो गोऱ्यांच्या तोंडी असलेल्या शिवीनेच, म्हणजे कुणाला संशय नको. वाचनालयातल्या बाईंनी विचारलंच, ‘पुस्तकं तू वाचणार नाहीस ना?’ त्याने सांगितलं, मला वाचता येत नाही.

वाचायला मिळावं म्हणून निरक्षर असल्याची बतावणी! नागरी हक्कांचा लढा रस्त्यावर यायच्या कितीतरी आधी असा काउंटरपाशी चालू होता.

ही हकीकत ‘ब्लॅक बॉय’ या त्याच्या आत्मकथनात आहे. १९४५ साली ते निघालं तेव्हा ‘बुक ऑफ द मंथ क्लब’च्या आग्रहाखातर उत्तरेतल्या शिकागोतल्या दिवसांचा अख्खा उत्तरार्ध गाळला गेला. दक्षिणेतला छळ वाचायला चालत होता, उत्तरेतलं वास्तव मात्र नको होतं, असं आपलं माझं मत.

लढा असा कागदावरही चालतो, या नजरेने मार्टिन ल्यूथर किंग यांचं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्रही बघ. एप्रिल १९६३. अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी आंदोलकांना सबुरीचा सल्ला देणारं निवेदन काढलं. ते ज्या वर्तमानपत्रात छापून आलं, त्याच्याच कोऱ्या समासात किंग यांनी उत्तर लिहायला घेतलं.

दलित पँथरने १९७२ साली अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेतलं, आणि त्याच्या ९९ वर्षं आधी जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण केली, हे तू लिहिलंयस ते बरोबर. फक्त ते शेवटी ने.

आणि ‘ब्लॅक बॉय’ घेताना आवृत्ती बघून घे. दोन्ही भाग एकत्र असे १९९१ साली आले. राइट १९६०लाच गेला होता. माझ्या कपाटातली प्रत जुनी आहे, म्हणजे अर्धीच. तुझं वाचून झालं की मला पाठव.

तुझा मामा