वनजमिनीतील सूक्ष्मजीव आणि उन्हाळ्यातील पालापाचोळा

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील वनांची ओळख साग, ऐन, मोह, तेंदू व बांबू यांवरून करून दिली जाते. तथापि, या वृक्षांचे पोषण करणारा एक महत्त्वाचा घटक डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे जमिनीच्या वरच्या थरातील जिवाणू व बुरशी.

शिशिरात पानगळ सुरू होते आणि चैत्रापर्यंत जमीन पाल्याने झाकली जाते. झाडागणिक हा पाला वेगळा असतो. नत्रयुक्त, कोवळ्या पोताचा पाला लवकर कुजतो. राठ पाला सावकाश कुजतो. खैराच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, तर सागाच्या मुळांशी निगडित बुरशी त्यास स्फुरद मिळवून देते.

उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत सूक्ष्मजीव कमी असतील, असे कोणासही वाटेल. परंतु विंध्य पठारावरील शुष्क पानझडी वनांचा अभ्यास करून बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या शास्त्रज्ञांनी १९८९ साली याच्या उलट निष्कर्ष मांडला. सूक्ष्मजीवांच्या शरीरांत साठलेले नत्र व स्फुरद उन्हाळ्यात सर्वाधिक, तर पावसाळ्यात सर्वांत कमी आढळले. मृगाच्या सरींनी कोरडी जमीन एकाएकी भिजते. अनेक सूक्ष्मजीव मरतात, काही इतर सूक्ष्म प्राण्यांचे भक्ष्य होतात आणि हा साठा मोकळा होतो. याच सुमारास झाडांची मुळे जोमाने वाढू लागतात. उन्हाळाभर राखलेली ठेव अशा रीतीने गरजेच्या वेळी झाडास मिळते.

मोहफुले वेचणे सोपे जावे किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी, म्हणून पाला पेटविला जातो तेव्हा या ठेवीचीच हानी होते. नत्राचा बराच भाग धुराबरोबर हवेत जातो व राख पहिल्या पावसात वाहून जाते. त्याऐवजी मोहाखालील पाला झाडून बाजूस सारावा आणि फुलांचा हंगाम संपल्यावर पुन्हा पसरावा.

वनहक्क कायद्यान्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांकडे ही जबाबदारी आली. अशा ग्रामसभांनी मोहाच्या हंगामापूर्वीच पाला न जाळण्याचा ठराव करणे हितावह ठरेल. शिक्षकांनी सागाचा व खैराचा वाळलेला पाला समान वजनाने जाळीच्या पिशव्यांत भरून झाडाखाली ठेवावा आणि पावसाळ्यानंतर वाळवून पुन्हा तोलावा. घटलेले वजन हा विद्यार्थ्यांसाठी या अदृश्य जीवांच्या कार्याचा प्रत्यक्ष पुरावा होय.